विमानतळाचे 'आधुनिकीकरण' आणि जनसुनावणी : 'जनता' म्हणजे नेमके कोण?

शहरातल्या विमानतळाचा विस्तार करायचा ठरला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक जाहीर सूचना येते. प्रकल्पाचे नाव, सुनावणीची तारीख, ठिकाण आणि शेवटी एक ओळ : हरकती व सूचना लेखी स्वरूपात पाठवाव्यात. आपल्या वस्तीत ते पान सहसा कोणी उघडत नाही. सुनावणी होऊन जाते, इतिवृत्त तयार होते आणि पुढची वीस वर्षे सरकार सांगत राहते की आम्ही जनतेला विचारले होते.

या 'विचारले होते'ला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. कारण विचारणे ही कृपा नव्हे, हे आपण भाषणात म्हणतो. पण कायद्याच्या कोणत्या ओळीत आपल्याला जनतेतून वगळले आहे, हे आपल्याला सांगता येत नाही.

मुंबईपासून सुरुवात करू. 2006 साली मुंबईचा विमानतळ आधुनिकीकरणासाठी खासगी भागीदारीतल्या कंपनीकडे गेला. विमानतळाच्या जागेवर शेकडो एकरांत वस्त्या होत्या. त्या वेळचा अंदाज सुमारे 80 हजार कुटुंबांचा होता. त्यांत दलित होते, मुस्लिम होते, भटके होते, तमिळ मजूर होते. सहार रस्त्याजवळची अण्णावाडी तर 1991 साली धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनीच वसवली. काम संपले, मजूर तिथेच राहिले. ज्यांनी धावपट्टी नीट केली त्यांनाच पुढे धावपट्टीच्या शेजारचे अतिक्रमण ठरवले गेले.

या लोकांच्या दारात सरकारी माणूस आला तो मत विचारायला नाही, पुरावा मागायला. विस्तार हवा की नको, धावपट्टी कुठे असावी, घर कुठे मिळाले तर कामाला जाता येईल, हे प्रश्नच त्या कागदावर नव्हते. प्रश्न एकच : 1 जानेवारी 1995 पूर्वी तुम्ही इथे होतात का? पुढे ही तारीख 2000 वर आली. आधी असाल तर पात्र, नंतर आला असाल तर अपात्र. 2007 साली पुनर्वसनाचे कंत्राट एका बांधकाम कंपनीला मिळाले, कुर्ल्यात हजारो सदनिका उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, 2013 साली ते कंत्राटच रद्द झाले. आणि जानेवारी 2014 मध्ये नव्या टर्मिनल दोनचे उद्घाटन झाले. त्या टर्मिनलच्या भिंतींवर भारतभरच्या लोककलांचे मोठे संग्रहालय आहे. लोकांच्या कलेला आत जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट आहे.

हे असे का होते? अधिकारी दुष्ट असतात म्हणून नव्हे. कायद्यात 'विचारायचे कोणाला' याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते म्हणून.

इंग्रजांच्या 1894 च्या भूसंपादन कायद्यात संपादनालाच हरकत घेण्याची सोय नव्हती. मोबदला किती, यावर बोलता येई. जमीन घेऊ नका, असे म्हणायला जागा नव्हती. 1923 साली कलम 5अ आले आणि तीस दिवसांत हरकत नोंदवण्याचा हक्क मिळाला. पण कोणाला? त्या जमिनीत 'हितसंबंध' असलेल्या व्यक्तीला. आणि निकड आहे असे सरकारने ठरवले की कलम 17 खाली तीही सुनावणी टाळता येत असे.

याच काळात आपल्याकडे मुळशीचा सत्याग्रह चालू होता. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले. पाठ्यपुस्तकात एवढेच असते. पुढचा भाग असा, की मुळशीच्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदल्याची बोलणी झाली तेव्हा कागदावरचा मालक सावकार होता; त्याने पैसे घेतले आणि कसणारा मावळा पाण्याखाली गेला. मावळ्याचीच ही गत, तर त्या गावांच्या महारवाड्यांचे कोण विचारणार? हरकत घेण्याचा हक्क म्हणजे मालकाचा हक्क, ही गाठ तेव्हा बसली आणि अजून पुरती सुटलेली नाही.

आता स्वतंत्र भारतातले दोन दरवाजे पाहू. दोन्ही भूमिहीनासाठी उघडले गेले आणि दोन्हींना मागून कडी आहे.

पहिला पर्यावरणाचा. 1994 च्या अधिसूचनेत 1997 साली दुरुस्ती होऊन जनसुनावणी आली. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत तिची पद्धत सविस्तर लिहिली गेली. किमान तीस दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, सगळ्याचे चित्रीकरण. यातली सर्वांत मोलाची गोष्ट कार्यकर्त्यांच्या लक्षातच येत नाही : तिथे हजर असलेल्या प्रत्येक माणसाला माहिती आणि खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते. प्रत्येक माणसाला. सातबारा नसलेल्याला, भाड्याने राहणाऱ्याला, धावपट्टीच्या भिंतीला टेकून भंगार निवडणाऱ्या बाईलासुद्धा. भूसंपादनाच्या दालनात जिला कोणी बसू देणार नाही, ती या मंडपात माईक मागू शकते.

आणि कडी? ती त्याच अधिसूचनेच्या परिच्छेद 7(ii) मध्ये आहे. प्रकल्प नवा नसून चालू प्रकल्पाचा विस्तार किंवा आधुनिकीकरण असेल, तर जनसुनावणी घ्यायची की नाही हे तज्ज्ञ समिती ठरवते. म्हणून शब्दांकडे लक्ष ठेवा. 'आधुनिकीकरण' हा शब्द नुसता जाहिरातीतला नाही; त्या शब्दाने सुनावणीचा मंडप उभा राहणार की नाही हे ठरू शकते. नव्या विमानतळासाठी गावाला विचारावे लागते. जुन्या विमानतळाच्या पोटात शिरलेल्या वस्तीला विचारणे ऐच्छिक होऊ शकते. 2020 च्या मसुद्यात तर हरकतींची मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणायचा प्रस्ताव होता, आणि तो मसुदा सर्व भाषांत उपलब्ध करा असे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले.

दुसरा दरवाजा 2013 च्या भूसंपादन कायद्याचा. या कायद्याने पहिल्यांदा मान्य केले की जमीन गेल्यावर केवळ मालक उघडा पडत नाही. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, कारागीर हेही बाधित कुटुंब. सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनात त्यांची मोजणी होते. पण संमतीचे कलम नीट वाचा. खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण ही टक्केवारी मोजताना कायदा जमीन वा स्थावर मालमत्ता जाणाऱ्यांचीच आणि सरकारने जमीन दिलेल्यांचीच कुटुंबे धरतो. म्हणजे मजुराचे दुःख अहवालात येईल, त्याचे मत मोजणीत येणार नाही. ही ओळ ज्यांनी लिहिली त्यांना आपण पुरोगामी कायद्याचे शिल्पकार म्हणतो.

तरीही महाराष्ट्राला एवढेही जड झाले. 2018 साली राज्याने दुरुस्ती करून 1961 च्या औद्योगिक विकास कायद्यासारखे काही राज्य कायदे या कायद्याच्या बाहेर काढले. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू करण्याची सोय ठेवली. संमती आणि सामाजिक मूल्यांकनाची वाट बंद झाली. पुरंदरच्या विमानतळासाठी नोटिसा निघाल्या त्या याच औद्योगिक विकास कायद्याखाली. त्याच्या कलम 32 प्रमाणे नोटीस मिळते मालकाला, आणि राज्य सरकारच्या मते हितसंबंध असलेल्या इतर व्यक्तीला. सरकारच्या मते! पुरंदरच्या सात गावांत खानवडी आहे. जोतीराव फुल्यांचे घराणे पुण्याला जाण्याआधी त्याच खानवडीत होते. शेतकऱ्याचा आसूड ज्याच्या घराण्याने पाहिला त्या गावातही नोटीस सातबारा बघूनच येते.

गायरान कसणाऱ्या आपल्या लोकांनी हे फार पूर्वी भोगले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले, ते पोटाला जमीन हवी म्हणून तर होतेच. पण जमिनीच्या कागदावर नाव आल्याशिवाय गावच्या निर्णयात तोंड उघडता येत नाही, हेही त्यामागे होते.

इथे बाबासाहेबांचा एक धागा आहे. 1919 साली साउथबरो समितीपुढे ते साक्ष द्यायला गेले तेव्हा विषय मताधिकाराचा होता. त्यांचा युक्तिवाद असा होता, की लोकांसाठीचे सरकार पुरेसे नाही, ते लोकांचे स्वतःचे असले पाहिजे. अस्पृश्यांच्या भल्याचे मत दुसऱ्याने मांडले म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व झाले असे होत नाही. 1928 साली सायमन आयोगापुढे अनेकांनी बहिष्कार घातला, बाबासाहेब गेले, बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन दिले, साक्ष दिली. आणि मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य असूनही बहुमताच्या अहवालावर सही करून मोकळे न होता 1929 साली स्वतःचा स्वतंत्र अहवाल लिहिला. मला हा अहवाल साक्षीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सभेत बोललेले हवेत जाते. लिहिलेली असहमती नोंदीत राहते.

पुढे 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी सांगितले की संविधानिक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार यांचे समर्थन करता येत नाही. हे वाक्य आपल्याला ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी त्यातली अट वाचावी : मार्ग खुले असताना. जो सुनावणीची वाट बंद करतो तो लोकांना कुठे ढकलतो, याचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे.

टोकियोसाठी दुसरा मोठा विमानतळ हवा होता. 1965 साली सरकारने तोमिसातो भागाचे नाव घेतले. तिथे विरोध झाला. मग जुलै 1966 मध्ये मंत्रिमंडळाने शेजारचे सानरिझुका ठरवून टाकले. गावकऱ्यांशी आधी कोणी बोलले नव्हते. सानरिझुकाच का? तिथे राजघराण्याचे कुरण होते, म्हणजे सरकारी जमीन आयती. आणि भोवती होते महायुद्धानंतर पडीक जमिनीवर वसवलेले गरीब शेतकरी. कर्जबाजारी माणसे, पैसे दाखवले की उठतील, असा हिशेब. माळरानाला मोकळी जमीन समजणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

ते उठले नाहीत. तोमुरा इस्साकू या शेती अवजारांच्या व्यापाऱ्याच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना झाली. 1971 साली सक्तीने जमिनी घेताना बायकांनी स्वतःला झाडांना साखळ्यांनी बांधून घेतले. पोलीस मेले, पुढे आंदोलकही मेले. मार्च 1978 मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली. विमानतळ मे महिन्यात, एकाच धावपट्टीवर, पोलिसांच्या कड्यात सुरू झाला. मी या हिंसेचे गोडवे गाणार नाही. त्यात शेतकऱ्यांचेच संसार उद्ध्वस्त झाले, बाहेरून आलेल्या गटांची आपसांतली भांडणे त्यांच्या अंगणात आली.

पण दुसरी धावपट्टी करायची वेळ आली तेव्हा सरकारचे हात बांधलेले होते. नोव्हेंबर 1991 पासून मे 1993 पर्यंत तटस्थ अभ्यासकांच्या पुढाकाराने 15 जाहीर परिसंवाद झाले. त्यानंतर ऑक्टोबर 1994 पर्यंत 12 बैठका. त्यांचे नावच गोलमेज परिषद होते. सरकारने आधीच्या पद्धतीबद्दल माफी मागितली आणि उरलेली जमीन सक्तीने घेणार नाही असे कबूल केले. आंदोलनातला एक गट या बैठकांना गेलाच नाही, आणि त्यांचा अविश्वास समजण्यासारखा होता. तरी फरक बघा : धावपट्टी 2500 मीटरची ठरली होती, 2002 साली ती 2180 मीटरचीच उघडली, कारण काही शेतकऱ्यांनी जमीन दिली नाही आणि या वेळी त्यांची 'नाही' मोजली गेली. पूर्ण लांबी व्हायला 2009 उजाडले. जे 1966 साली विचारले असते ते विचारायला पंचवीस वर्षे आणि इतके जीव लागले.

आपल्याकडे विमानतळाच्या नावासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरतात. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण नावाच्या मोर्चाला जितके निळे झेंडे येतात त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही सुनावणीच्या मंडपात येत नाहीत, हेही आपणच आपल्याला सांगायला हवे.

मी बसलो होतो अशा एका जनसुनावणीत पुढच्या रांगांत गावचे जमीनमालक आणि कंपनीने आणलेले लोक होते. बौद्धवाड्यातली माणसे मंडपाबाहेर, बॅरिकेडपाशी. कोणी अडवले नव्हते. आपली जमीन नाही, आपले काय काम, असे त्यांनीच मानले होते. नियम मात्र त्यांच्या बाजूचा होता. म्हणून सूचना निघाल्यावर पहिल्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून अहवालाचा मराठी सारांश मिळवा, वस्तीत मोठ्याने वाचा, लेखी हरकतीची पोच घ्या. 'विस्तार' म्हणून सुनावणीच टाळली असेल तर ती का टाळली, हे तज्ज्ञ समितीला लेखी विचारा. आणि सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, मग त्याच दिवशी त्यावर सही व्हायची, असा नियम आहे. तोवर दुपार टळलेली असते, पाणी संपलेले असते, निम्मा मंडप रिकामा झालेला असतो. आपले म्हणणे त्या कागदात कोणत्या शब्दांत उतरले, हे ऐकायला निदान पाच जणांनी थांबावे.