पंधरा दिवसांचे कलम

घरच्या राउटरला जोडलेली नॅस, म्हणजे फोटो आणि कागदपत्रे साठवायची डिस्कची पेटी, एके दिवशी संगणकावर दिसेनाशी होते. दिवा हिरवा, डिस्क फिरते आहे, पण विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत तिचे नाव नाही. २०१७च्या अखेरीपासून ही तक्रार फार वाढली. दोष बहुधा डिस्कच्या, नाहीतर राउटरच्या माथी मारला गेला. त्या काळचे तांत्रिक कागद तारखेवार लावले, की आरोपी वेगळाच निघतो.

विंडोजचा संगणक आणि नॅस एकमेकांशी एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात. त्याची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी-१, १९८०च्या दशकातली. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे नेड पायल यांनी जाहीर टिपण लिहून ही पहिली आवृत्ती वापरणे थांबवा, असे बजावले. नंतरच्या आवृत्त्यांतली सुरक्षा तिच्यात नाही आणि मध्ये बसलेला हल्लेखोर संगणकाला या जुन्या आवृत्तीवर उतरायला भाग पाडू शकतो, हे त्यांचे म्हणणे. या टिपणाची तारीख महत्त्वाची आहे. एसएमबी-१ काढले ते वॉनाक्राय या खंडणीखोर संगणक-विषाणूमुळे, असे सर्रास सांगितले जाते. पण वॉनाक्राय पसरला १२ मे २०१७ रोजी. त्याने वापरलेले भगदाड बुजवणारी दुरुस्तीही १४ मार्चलाच निघाली होती. म्हणजे हल्ल्याने निर्णयाला घाई आणली असेल, पण विचार आधीचा होता. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला. त्यानेही तेच भगदाड वापरले, आणि त्याच्या तडाख्यात न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्याच महिन्यात पायल यांनी एसएमबी-१ वाचून ज्यांचे चालत नाही अशा उत्पादनांची यादी प्रसिद्ध केली होती. कोणाची गैरसोय होणार, हे कंपनीला चांगलेच ठाऊक होते.

१७ ऑक्टोबर २०१७ला विंडोज १०ची १७०९ ही आवृत्ती आली. तिच्याविषयीच्या अधिकृत कागदात एक कलम आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तेच. होम आणि प्रो आवृत्त्यांत एसएमबी-१चा ग्राहक-भाग, म्हणजे नॅसशी जोडून घेणारा भाग, लगेच काढायचा नाही. तो एकूण पंधरा दिवस वापरात आला नाही, तर विंडोजने स्वतःच काढून टाकायचा. संगणक बंद असतानाचा वेळ या हिशेबात धरायचा नाही.

या कलमाचा परिणाम ताडून पाहा. जो रोज नॅसवरून गाणी ऐकतो, त्याला काहीच जाणवले नाही. जो महिन्याकाठी एकदा बॅकअप घेतो, त्याची वाट तुटली. तीही अपडेटच्या दिवशी नव्हे, पुढे केव्हातरी. त्यामुळे अपडेटवर संशय जायचे कारणच उरले नाही. एकाच घरात एका लॅपटॉपवर पेटी उघडते आणि दुसऱ्यावर नाही, या कोड्याचाही उलगडा यातून होतो.

त्यातच आणखी एक भर पडली. ‘नेटवर्क’ खिडकीतली यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ ही जुनी सेवा भरत असे, आणि ती सेवा एसएमबी-१वर उभी होती. ती गेल्यावर नवी आवृत्ती जाणणाऱ्या नॅसही यादीतून पुसल्या गेल्या, मात्र पत्ता थेट टाकला की उघडत होत्या. म्हणून ‘दिसत नाही’ आणि ‘पोचता येत नाही’ या दोन तक्रारी वेगळ्या धरायला हव्यात. राउटरच्या पानावर नॅसचा आयपी पत्ता सापडतो. तो ब्राउझरमध्ये टाकून तिचे सेटिंगचे पान उघडले, तर पेटी आणि केबल दोन्ही शाबूत आहेत. मग तोच पत्ता, आधी दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन, फाइल एक्सप्लोररमध्ये टाकावा. तिथेही उघडली, तर गेली आहे ती फक्त यादी.

तिथे नाही उघडली, तर पेटीचे वय पाहावे. बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात लिनक्स आणि एसएमबी बोलणारे सांबा हे सॉफ्टवेअर असते. सांबाला एसएमबी-२ नीट बोलता येऊ लागले ते ३.६ या आवृत्तीपासून, ऑगस्ट २०११ मध्ये. त्याआधीची, कधीच अपडेट न झालेली पेटी सहसा एसएमबी-१च जाणते. उलट पेटी नवी आणि संगणकावर विंडोज ११ची २४एच२ असेल, तर कारण निराळे: २०२४च्या या आवृत्तीत प्रो संगणकांवर जोडणीला डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डविना पाहुणा-प्रवेशही बंद झाला. तिथे नॅसचे फर्मवेअर अपडेट करून पासवर्डचे खाते उघडावे. सहीची सक्ती काढू नये.

जुन्या पेटीसाठी विंडोजच्या ‘फीचर्स’ यादीतून एसएमबी-१ परत बसवता येते, आणि हाताने बसवल्यावर विंडोज ते पुन्हा आपोआप काढत नाही. त्यामुळे ते वर्षानुवर्षे उघडे राहण्याचा धोका आहे. ते बसवा, सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि त्याच दिवशी काढून टाका.