पुरात भिजलेलं जुनं कटर मशीन पुन्हा चालू करायचंय? आधी स्टार्टर बघा

निफाड तालुक्यातलं सायखेडा गोदावरीच्या अगदी काठावर आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावात पाणी शिरलं होतं. अशा वेळी शेडमधलं जुनं टेबल सॉ, म्हणजे सुतारांच्या बोलण्यातलं कटर मशीन, गाळातून निघालं की भंगारात किलोवर घालायचा मोह होतो. पण बिडाचं जाड टेबल आठवडाभर पाण्यात राहिलं तरी गंज बहुतेक वरवरच चढतो. घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी असं मशीन पुन्हा उभं करता येतं. फक्त एक गोष्ट आधी तपासावी: टेबलाला किंवा खालच्या बैठकीला तडा गेलाय का. बिडाचं वेल्डिंग अवघड असतं, त्यामुळे मोठा तडा असेल तर तिथेच थांबलेलं बरं.

मोटर: बटण दाबायचं नाही

भिजलेली मोटर ‘चालते का बघू’ म्हणून चालू केली की वायंडिंग जळतं. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवून मोटर उघडावी, पूर्ण वाळवावी आणि वायंडिंगवाल्याकडून मेगरवर तपासून घ्यावी. रीडिंग किमान १ मेगाओम तरी हवं, नाहीतर पुन्हा वाळवणं किंवा रिवाइंडिंग आलंच. सिंगल फेज मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याला थेट हात लावू नये.

गंज आणि बेअरिंग

टेबलावर रॉकेल किंवा डिझेल सोडून पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासावा. ग्राइंडर फिरवला तर टेबलात खड्डे पडतात. शेवटी साधं मेण चोळावं. गंजही लांब राहतो आणि लाकूडही सहज सरकतं.

पुराचं पाणी गेलेली बेअरिंगं धुवून वापरायची काटकसर करू नये. नंबर कडेवरच कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०४. यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो, २० मिलिमीटर.

पातं नवंच घ्यावं आणि त्यावर छापलेली वेगमर्यादा पुलीशी जुळवावी. मोटर १,४४० आरपीएमची, तिच्यावर ६ इंची पुली आणि पात्याच्या शाफ्टवर ३ इंची, तर पातं २,८८० नं फिरणार. १० इंची पात्याच्या कडेचा वेग होतो सेकंदाला साधारण ३८ मीटर. घरकामाला एवढा पुरतो.

जुन्या मशीनमध्ये जे नव्हतंच

इथपर्यंत मशीन चकाचक झालं, पण हात अजून सुरक्षित नाहीत. चिरताना लाकडाच्या फाकी मागे मिटतात, पात्याचे वर येणारे मागचे दात लाकूड पकडतात आणि ते माणसाच्या अंगावर भिरकावतात. ओलसर बाभूळ किंवा कडुनिंब चिरताना ही भीती जास्त. यावरचा उपाय म्हणजे पात्यामागे बसणारी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असावी आणि दातांपासून ८ मिलिमीटरच्या आत राहावी. बऱ्याच जुन्या मशीनवर ती नसते, वर्कशॉपमधून बनवून घ्यावी लागते. पात्यावर झाकण हवं, फेन्स पात्याला समांतर हवा आणि अरुंद तुकडा ढकलायला काठी हवी. हातमोजे मात्र नकोत. दातात अडकले की बोटांसकट ओढले जातात.

आता स्टार्टर. साध्या खटक्यावर मशीन जोडलं असेल तर लाइट गेल्यावर ते थांबतं आणि आल्यावर आपोआप सुरू होतं. त्या क्षणी कुणी पात्यात अडकलेला तुकडा काढत असेल तर? म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लागतो. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. शेतकऱ्याला हा स्टार्टर नवा नाही, विहिरीवरच्या मोटरला तोच असतो. अडचण अशी की रात्री-अपरात्री वीज येते म्हणून पंपाच्या पेटीत ‘ऑटो’ बसवलेला असतो. मळ्यातली तीच पेटी उचलून कटरला जोडली, तर जो ‘ऑटो’ पंपाला सोयीचा तोच इथे हात कापेल. ‘ऑटो’ काढून, अर्थिंग तपासून आणि ओव्हरलोड रिले कटरच्या मोटरप्रमाणे लावूनच ती पेटी वापरावी.

घरच्या मशीनवर चिरलेल्या फळ्या, प्लायवूड कापावं. गोल ओंडके चिरून देण्याचा धंदा सुरू केला की ती सॉ मिल ठरते आणि त्याला वनविभागाचा परवाना लागतो.

मशीन पुन्हा बसवताना मोटर चार बोल्टवर, चटकन सुटेल अशी ठेवावी. गंगापूर, दारणा धरणांतून विसर्ग वाढल्याची सूचना आली की मेन स्विच बंद करून मोटर आणि स्टार्टर माळ्यावर न्यायचे. टेबल हलवायला चार माणसं लागतात. त्याला जाड ग्रीस फासलं की ते तिथेच राहू शकतं.