नाच्याचा माइक

माझा धंदा मंडप-लाउडस्पीकरचा, नवापूरला. 1998 साली धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, त्याच्या आधीपासून मी सोंगाड्या पार्ट्यांना माइक लावतोय. पाड्यांवरच्या रात्रभर चालणाऱ्या या खेळात बाईचं पात्र पुरुषानेच करायचं, अशी रीत. आमच्याकडच्या एका पार्टीत एक दादा नाचायचा. आवाज जाडा. तो उभा राहिला की मी मशीनवरचा बेस पार खाली आणायचो, ट्रेबल वर. तेवढ्याने आवाज बाईकडे झुकायचा, उरलेलं काम पदर करायचा. मंडपामागे तो पायात घुंगरू, नाकात चापाची नथ, एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्यात बिडी घेऊन बसलेला असे.

पुढे बसलेली पोरं हमखास ओरडायची, ‘बाई शे का माणूस शे?’ उत्तर त्यांना ठाऊक असायचं. तरी दहाची नोट दाखवून पुन्हा विचारायचं. सकाळी एसटी स्टँडवर हाच सवाल फुकट, आणि जरा जोरात.

हे आमच्याच पोरांचं नाही. नाटकांत बाईची कामं करणाऱ्या बालगंधर्वांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली होती. पुढच्याच वर्षी ‘केला इशारा जाता जाता’ आला, त्यात नाच्याच्या कामात गणपत पाटील. त्यांच्या ‘आत्ता गं बया’ची नक्कल पोरांनी केली, ती दुसऱ्याला चिडवायला. पाटील संसारी माणूस, बायको-मुलं असलेले. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या उचलून थेट त्यांच्या घरात नेऊन बसवला. त्याचा जाच मुलांनाही झाला. शालूतला पुरुष पूजेचा आणि तमाशातला टिंगलीचा, हा निवाडा प्रेक्षकाने कधी दिला, कुणी विचारलं नाही.

2010 मध्ये ‘नटरंग’ पाहिला. शिट्ट्या मारणारी पोरं त्यातल्या नायकासाठी, गुणासाठी रडली. माझं मत विचाराल तर ते रडणं सोपं होतं. गुणा मुळात पैलवान, पोटासाठी आणि कलेसाठी नाच्या झालेला. ‘आतून आपलाच आहे’ ही खात्री तिकिटातच मिळाली होती.

भाचा पुण्यात असतो, व्हिडिओ गेमांचा नादी. गेल्या दिवाळीत त्याने सांगितलं की गेमांमधलीही कथा हीच. 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ च्या माहितीपुस्तिकेत बर्डो नावाच्या पात्राबद्दल छापलं होतं, की हा स्वतःला मुलगी समजतो. म्हणजे विनोदच. पुढे ती ओळ काढून टाकली. 2017 च्या ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’त एक तृतीयपंथी बाई पहिल्याच भेटीत परक्या माणसाला आपलं जुनं, पुरुषी नाव सांगून मोकळी होते. खेळणाऱ्या तृतीयपंथीयांनीच हरकत घेतली, की असं कोण सांगतं? कंपनीने माफी मागून संवाद बदलला. मला याचंच नवल वाटलं. आमच्या स्टँडवर हरकत घ्यायला कोण होतं?

मग त्याने लॅपटॉपवर 2020 चा ‘टेल मी व्हाय’ लावला. नायक टायलर, जन्माने मुलगी, आता दाढी राखलेला तरुण. त्याला आवाजही तशाच एका तरुणाने दिलाय, म्हणजे बेस-ट्रेबलची भानगड नाही. योगायोगाने दादा तेव्हा ओट्यावर आला होता. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. चष्मा पुसून बघत बसला. अर्धा तास बोलला नाही.

‘हा नाचतो कधी?’

‘नाचत नाही, मामा. अलास्कात बहिणीबरोबर आईचं जुनं घर विकायला आलाय.’

‘आणि लोक ते बघतात?’

‘बघतात काय, तासन्‌तास खेळतात.’

दादाने बिडी काढली, पेटवली नाही. पडद्यावर भावंडं खोल्या आवरत होती. बऱ्याच वेळाने त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘घराला गिऱ्हाईक मिळालं का मग?’