शिलेदार की बारगीर? : मराठी कथनपरंपरेतील मुलगी आणि घोडा

एखाद्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताना त्यात काय आहे याची नोंद आपण करतो. काय नाही याची नोंद सहसा करीत नाही. अभावाला कारणे असतात, आणि ती त्या समाजाच्या रचनेत शोधावी लागतात, हे मात्र मान्य व्हायला हरकत नसावी. वयात येणारी मुलगी आणि तिचा घोडा यांच्या अनुबंधावर उभी राहिलेली कादंबरी हा इंग्रजीत एक स्वतंत्र उपप्रकार झाला आहे. मराठीत त्याची परंपरा निर्माण झाली नाही. आपल्याकडे घोडे नव्हते म्हणून असे झाले, हे उत्तर घोडदळाच्या बळावर इतिहास घडविलेल्या भाषेला शोभणारे नाही. प्रस्तुत लेखात या अभावाची ऐतिहासिक चिकित्सा करावयाची आहे.

प्रथम या उपप्रकाराचे स्वरूप पाहू. एनिड बॅग्नोल्ड यांची ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि १९४४ साली तिच्यावर चित्रपट निघाला. चौदा वर्षांच्या व्हेल्व्हेट ब्राऊनला गावातल्या सोडतीत एक उनाड घोडा मिळतो. त्याच्यातले कसब तिने ओळखलेले असते. पुरुष जॉकीच्या वेषात ती ग्रँड नॅशनल ही शर्यत जिंकते आणि नंतर अपात्र ठरते. या शर्यतीत प्रत्यक्षात एखादी स्त्री घोड्यावर बसलेली दिसण्यास १९७७ साल उजाडावे लागले, आणि स्त्रीच्या विजयासाठी २०२१ साल. म्हणजे कादंबरीने कल्पिलेली गोष्ट वास्तवात उतरण्यास शहाऐंशी वर्षे लागली. येथे तीन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. घोडा मुलीच्या मालकीचा आहे. घोड्याविषयीचे ज्ञान तिचे स्वतःचे आहे. आणि बालपण व विवाह यांच्या दरम्यान तिला काही मोकळी वर्षे मिळालेली आहेत. शिवाय ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा इंग्लंडमध्ये मोटारीने घोड्याला कामातून बरेचसे मुक्त केले होते. कामातून सुटलेला प्राणी आणि अद्याप संसारात न अडकलेली मुलगी यांची ही भेट आहे.

मालकीचा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी आपल्या लष्करी परिभाषेतील दोन शब्द उपयोगी पडतात. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगीर कितीही पटाईत स्वार असला तरी घोडा त्याचा नसतो. मराठी कथनांत घोड्यावर बसलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांतल्या शिलेदार किती आणि बारगीर किती, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

लोकपरंपरेपासून आरंभ केला तर पहिले चित्र खंडोबाचे आढळते. देवघरातल्या टाकावर खंडोबासह म्हाळसाही घोड्यावर आरूढ असते. मात्र घोडा देवाचे वाहन आहे, ती सहारोही आहे. जात्यावरच्या ओव्यांत घोडा वारंवार येतो, तो भावाचा. बहिणीला माहेरी नेण्यासाठी येणारा भाऊ घोड्यावरून येतो आणि सासुरवाशीण उंबऱ्यातून त्याच्याकडे पाहते. घोडा हा तिच्या सुटकेचा संकेत आहे, परंतु लगाम दुसऱ्याच्या हाती आहे. प्राण्याविषयीची माया ओवीत जागोजाग आढळते. पण ती गाईवासराविषयी, म्हणजे दावणीला बांधलेल्या आणि तिच्या दैनंदिन कष्टांशी जोडलेल्या जनावराविषयी. अंगणापलीकडे नेणारा प्राणी तिच्या वाट्याला आलेला नाही.

आधुनिक गद्याकडे वळल्यावर एक योगायोग लक्ष वेधून घेतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून प्रसिद्ध झाली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ साली आले. या दोहोंच्या निर्मितीकाळातच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. एकाच दशकारंभी मराठीत दोन मुली अवतरल्या. यमू आपल्या बालपणाची हकीकत स्वतः सांगते. तिचे मन, तिची भीती, तिचे हट्ट आपणांस आतून कळतात. मात्र तिचा वावर घराच्या चौकटीत बंदिस्त आहे. मनूला मोकळे मैदान आहे, घोडा आहे. पण तिला स्वतःचा आवाज नाही. तिचे बालपण भावी पराक्रमाची प्रस्तावना म्हणूनच सांगितले जाते. एकीला घोडा नाही, दुसरीला बालपण नाही. या दोन संहिता एकमेकींना भेटल्या असत्या तर मराठीतही मुलगी आणि घोडा यांची कादंबरी संभवली असती. त्या भेटल्या नाहीत, कारण सामाजिक कादंबरी आणि ऐतिहासिक कथन यांचे मार्ग त्याच काळात वेगळे होत होते. मुलीचे अंतरंग पहिलीकडे गेले, घोडा दुसऱ्याकडे गेला.

मनूचे वय हाच एक वादविषय आहे. पारसनीसांनी दिलेला जन्मकाळ १८३५ चा. १८२८ हे वर्षही सांगितले जाते. विवाह १८४२ चा. म्हणजे एका गणनेने ती सात वर्षांची होती, दुसऱ्या गणनेने चौदा वर्षांची. चरित्रलेखकांच्या दृष्टीने हा कालनिर्णयाचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने तो अधिक मूलगामी आहे. सात आणि चौदा यांमधला काळ म्हणजेच किशोरवय. लक्ष्मीबाईच्या बाबतीत नेमका तोच काळ अनिश्चित आहे, आणि ही अनिश्चितता फारशी कुणाला खटकलेली नाही. मुलीच्या आयुष्यात असा स्वतंत्र टप्पा असतो हीच जाणीव समाजात मुरलेली नव्हती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. व्हेल्व्हेटची कथा ज्या वयात सुरू होते, त्या वयापर्यंत थांबण्याची कायदेशीर हमी मराठी मुलीला त्या कादंबरीच्या अवघी सहा वर्षे आधी मिळाली होती.

असे असले तरी बिठूर हे या दृष्टीने एक अपवादात्मक स्थळ होते. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव तेथे निवृत्तिवेतनावर राहिला. मोरोपंत तांब्यांची मुलगी त्याच परिवारात वाढली. दरबार होता, घोडे होते. लढाई मात्र नव्हती. मोहिमेवर जाण्याचे प्रयोजन सरल्यावर घोडा रपेटीचा, हौसेचा, म्हणजेच खेळाचा सोबती होऊ शकत होता. इंग्लंडच्या संदर्भात कामातून सुटलेल्या घोड्याचा उल्लेख वर केला. वेगळ्या कारणाने तशीच परिस्थिती गंगाकाठी निर्माण झाली होती. आईविना वाढणारी, पेशव्यांच्या मुलांबरोबर खेळणारी एक मुलगी त्या परिस्थितीत होती. कादंबरीची सारी सामग्री येथे सिद्ध होती. परंतु परंपरेने या पर्वातून जी आख्यायिका सर्वाधिक जतन केली ती हत्तीची आहे. मनूला हत्तीवर घेतले नाही, वडिलांनी नशिबाचा दाखला दिला, आणि आपल्या नशिबी दहा हत्ती आहेत असे तिने उत्तर दिले, अशी ती कथा. हत्ती हे ऐश्वर्याचे चिन्ह आहे. त्याच्यावर माहुताच्या मागे बसायचे असते; घोड्यावर स्वतः बसून त्याला जाणून घ्यावे लागते. आख्यायिकेने मुलीच्या तोंडी भावी राणीपदाची आकांक्षा घातली आणि तिचा रोजचा घोडा पार्श्वभूमीत ढकलला.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे महत्त्व वेगळेच ठरते. १८५७ साली उत्तरेस गेलेला, झाशीच्या वेढ्यात अडकलेला हा भिक्षुक ब्राह्मण. त्याचे लेखन चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणली. बाईंचा व्यायाम, मल्लखांब, घोडा फिरविण्याचा परिपाठ यांचे वर्णन गोडसे करतात. आणि त्याबरोबर अश्वपरीक्षेची एक हकीकत सांगतात. त्या काळी उत्तरेत घोड्याची पारख असणाऱ्या मोजक्या नामांकितांत लक्ष्मीबाईंची गणना होई. एका सौदागराने दिसायला सारखे असे दोन घोडे आणले. बाईंनी दोहोंवर बसून फेरी मारली. एकाची किंमत हजार रुपये केली, दुसऱ्याची पन्नास, आणि हा घोडा छातीत दुखावलेला आहे असे कारण दिले. सौदागराने ते कबूल केले.

ही हकीकत ऐकीव असेल; तिचे वाङ्मयीन मोल त्यामुळे कमी होत नाही. येथे घोडा हा वीरश्रीचा अलंकार नाही. त्याला छाती आहे, दुखणे आहे, आणि ते दुखणे स्वाराच्या मांडीला कळते. बाह्य लक्षणांनी न दिसणारी इजा बसल्यावर समजणे, हे वर्षानुवर्षांच्या सहवासानेच साधते. म्हणजे बिठूरच्या ज्या बालपणाविषयी चरित्रे फारसे बोलत नाहीत, त्याचा अप्रत्यक्ष पुरावा या प्रसंगात आहे. येथील लक्ष्मीबाई घोडा पारखते, मोल ठरविते, विकत घेते. आपल्या परिभाषेत ती शिलेदार आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेल्या भेटीतही गोडसे पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, दमलेली बाई दाखवितात. मर्त्य शरीराची ही जाणीव त्यांच्या निवेदनात सातत्याने आहे. माणसाच्या आणि जनावराच्या शिणाकडे ते एकाच नजरेने पाहतात.

पुढील परंपरेने मात्र या परीक्षेच्या घोड्याऐवजी उडीचा घोडा निवडला. तटावरून झेप घेणारा अश्व, पाठीशी बांधलेला दत्तकपुत्र, उगारलेली तलवार ही प्रतिमा स्थिर झाली; लोकप्रिय कथनांनी घोड्यांना सारंगी, पवन, बादल अशी नावेही दिली. सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने ‘मर्दानी’ हे विशेषण घरोघर पोहोचविले. जबलपूरची ही कवयित्री १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेली होती, आणि १९४८ साली नागपुराहून परतताना सिवनीजवळ अपघातात तिचा अंत झाला. तेव्हा त्या विशेषणाचा आमच्या शहराशीही संबंध आहे. परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यात त्याने केलेले कार्य निर्विवाद आहे. तथापि घोड्यावर बसणे म्हणजे मर्द होणे, असे समीकरण त्यातून दृढ झाले. व्हेल्व्हेटही पुरुषवेष धारण करते. पण तो नियम चुकविण्यासाठी. शर्यतीनंतर ती मुलगीच राहते. आपल्या कथनात वेषांतराचे रूपांतर झाले, आणि मुलीला मुलगी म्हणून घोडा आवडू शकतो ही शक्यताच मिटली.

धंतोलीतून सीताबर्डीकडे निघाले की झाशी राणी चौक लागतो. विदर्भ साहित्य संघाचे संकुलही तेथेच आहे. खुद्द धंतोलीत राष्ट्र सेविका समितीचे देवी अहिल्या मंदिर आहे. १९३६ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या या संघटनेने मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व यांचे आदर्श अनुक्रमे जिजाबाई, अहिल्याबाई व लक्ष्मीबाई यांच्यात पाहिले. या विभागणीतही घोडा नेतृत्वाकडे जातो. सार्वजनिक स्मृती अशीच घडते, यात नवल नाही. परंतु त्याच सीताबर्डीची आणखी एक अश्वस्मृती आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले. दोन्ही राज्ये १८५४ मध्ये एकाच धोरणाने खालसा झाली. त्यानंतर भोसल्यांच्या वाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल विकले गेले. घोड्याची खरी किंमत जाणणारी बाई झाशीत होती, आणि घोड्यांची किंमतच उरली नाही तो लिलाव नागपुरात झाला. या दोन प्रसंगांना एकत्र आणणारी कादंबरी कोणी लिहिली नाही.

ऐतिहासिक कादंबरीने घोडे वापरले नाहीत असे नव्हे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’पासून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’पर्यंतचे कथाविश्व घोडदळाचेच आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने (१९८२) तर प्राणिजीवन हे गंभीर कादंबरीचे आशयद्रव्य होऊ शकते हे सिद्ध केले, पण तेथे वानरांचे जग माणसाच्या अनुबंधापासून हेतुपुरस्सर अलिप्त ठेवले आहे. शिरवाडकरांचे ‘वीज म्हणाली धरतीला’ (१९७०) राणीला केंद्रस्थानी आणते. नाटक या माध्यमाला मात्र घोडा शब्दांतूनच उभा करावा लागतो. प्रत्येक प्रकाराला त्याची कारणे आहेत. एकत्रित परिणाम मात्र असा, की मुलीचे अंतरंग, प्राण्याचे शरीर आणि इतिहासाचा अवकाश ही तीन सूत्रे मराठीत वेगवेगळीच राहिली.

लक्ष्मीबाईच्या अखेरीची प्रचलित हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचावी. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरनजीकच्या लढाईत तिच्याखाली नेहमीचा घोडा नव्हता. नवा घोडा होता. तो नाल्याशी अडला, आणि तेथेच तिला गाठण्यात आले. वीरकथेने याला दैवदुर्विलास म्हटले. गोडश्यांची अश्वपरीक्षा स्मरणात ठेवली तर त्यातील शोकात्म अर्थ अधिक नेमका होतो. घोड्याच्या छातीतले दुखणे ओळखणारी स्त्री, पारखण्यास वेळ न मिळालेल्या घोड्यावर मरण पावते. हजार आणि पन्नास यांतला फरक जाणणारी शिलेदार शेवटच्या दिवशी बारगीर होते. तटावरून मारलेली उडी परंपरेने गौरविली. नाल्याशी अडलेल्या या घोड्याचे उत्तर मात्र तिच्यापाशी नाही, कारण ते पारखीच्या कथेत आहे, आणि ती कथा आपण मागे टाकली. मराठीत मुलगी आणि घोडा यांची कादंबरी कधी लिहिली गेलीच, तर तिचा आरंभ तटावर होणार नाही. सौदागराने आणलेल्या, दिसायला सारख्या अशा दोन घोड्यांपाशी तो व्हावा लागेल.