बिऱ्हाड बदललं, मांजर बिघडलं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वाकड, रावेत, मोशी किंवा पार चाकणच्या एखाद्या नव्या सोसायटीत नुकतंच राहायला गेलेलं कुटुंब गाठा. घरात मांजर असेल तर तक्रारी जवळपास ठरलेल्या असतात. जुन्या घरी कधी घाण केली नाही आणि इथं आल्यापासून गादीवर लघवी करतं. रात्रभर दाराशी ओरडतं. दिवसभर कपाटावर चढून बसतं, जवळ गेलं की फिस्कारतं. सोफ्याची तर चिंध्या करून ठेवलीय. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, "मांजर बिघडलंय हो!"

माझं म्हणणं असं की, मांजर आहे तसंच आहे. घरं बदलली, आणि ती फार थोड्या वर्षांत बदलली. पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण कारखान्यांच्या सालांवरून सांगतो. तोच इतिहास थोडा मांजराच्या बाजूनं सांगता येतो का, ते आज बघू या.

आधी जुन्या गावठाणापासून सुरुवात करू. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चिखली ही शेतकऱ्यांची गावं. घरात कणगी, पोती, माळ्यावर कडबा-गोवऱ्या, मागं परडं. धान्य तिथं उंदीर आणि उंदीर तिथं मांजर. हे मांजर कुणी 'पाळलेलं' नसायचं. ते घराला चिकटलेलं असायचं. चार घरी दूध, दोन घरी पिल्लं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतातच. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला धरून, असं जुनी माणसं म्हणत. त्यात भावना कमी आणि निरीक्षण जास्त होतं.

ज्यांच्यामुळे चिंचवडचं नाव देशभर गेलं, त्या चाफेकर बंधूंच्या काळात, १८९७ साली, पुण्यात प्लेग होता. त्या वर्षांमध्ये आणि पुढंही साथ आली की माणसं राहतं घर सोडून मळ्यात, माळावर झोपड्या घालून राहत. बिऱ्हाड बदलण्याचा तो केवढा मोठा प्रसंग! पण माणसं गेली तरी मांजराचं ठिकाण म्हणजे ते घरच. प्लेग आणि मांजर यांचा संबंध तेव्हा गंभीरपणे तपासलाही गेला होता, आणि तोही आपल्या अमरावतीत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन तिथं होते. ज्या गावात मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. ते १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो, हे आता माहीत झालं आहे, तेव्हा बुकॅनन साहेबांचा उपाय जसाच्या तसा कुणी घेणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घरात मांजर असणं ही त्या काळी हौस नव्हती, सोय होती. सोयीच्या प्राण्याला स्वतःची म्हणून एक जागा असते.

ही जागा मांजर किती घट्ट धरून ठेवतं ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. नको झालेलं मांजर पोत्यात घालायचं, नदीपलीकडे नेऊन सोडायचं, आणि चार दिवसांनी ते ओट्यावर हजर! पवना किंवा इंद्रायणी ओलांडून आलेल्या मांजरांच्या गोष्टी आपल्या भागात घरोघर सांगितल्या जात. फ्रान्सिस हेरिक नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं हा प्रयोग रीतसर केला आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. पिल्लं घरी असलेल्या मांजरीला झाकून एक ते तीन मैलांवर नेऊन सोडलं तरी ती परत येत होती.

आता १९५४ सालाकडे येऊ. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना उभा राहिला आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प पिंपरीत आधीच होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को आली, बजाज आलं. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. ही सालं मी भराभर सांगतेय, कारण मांजराच्या दृष्टीनं त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची. नोकरीबरोबर घर मिळू लागलं आणि नोकरीबरोबरच ते जाऊ लागलं.

मी स्वतः अशाच एका वसाहतीत वाढले, म्हणून हे सांगू शकते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना पंखे, दिवे, नळाच्या तोट्या मोजून द्याव्या लागत. मांजर कुठल्याच यादीत नसे. जाणारं कुटुंब शेजाऱ्यांना सांगून जाई, "मनीला दूध घालत जा." नव्या बिऱ्हाडाला चार दिवसांत कळे की या घरात आपल्याआधीपासून कुणी तरी राहतंय. माणसं बदलत आणि मांजर तिथंच राही. तळमजल्याचं घर, मागं पेरूचं झाड, वाफ्यातली भुसभुशीत माती. मांजराच्या 'वागणुकीचे प्रश्न' असा शब्दप्रयोग त्या वसाहतीत मी कधी ऐकला नाही. घाण केली तरी ती बाहेर, आणि ओरडलं तरी ते बाहेर. हा काही सुवर्णकाळ नव्हता, बरं का. पिल्लं मरत, बोके एकमेकांना फाडत, रेबीजची लस कुणी टोचत नसे. पण घर बदलण्याचा त्रास मांजराच्या वाट्याला येत नव्हता.

तो आला फ्लॅटबरोबर. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आला. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती, ती २०११ मध्ये सतरा लाखांच्या वर गेली. निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या शिवारांत कंपन्या उभ्या राहिल्या. लोक चाळीतून फ्लॅटमध्ये गेले, भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात गेले, आणि मांजराला सोबत नेऊ लागले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. मांजराचं नसतं. आता त्याला टेम्पोत बसवून सातव्या मजल्यावर आणलं आणि दार लावून घेतलं. प्रेमापोटीच आणलं, यात शंका नाही.

तिथं त्याला काय दिसतं? खरं तर काय हुंगायला मिळतं, असं विचारायला हवं. मांजर गाल घासतं तेव्हा ते लाड करत असतं, पण त्याचबरोबर खूणही करत असतं. गालातल्या ग्रंथींचा वास ते दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटऱ्यांना लावून ठेवतं. जुन्या घराचा कोपरा न् कोपरा असा त्याच्या सहीचा असतो. नव्या घरात सही कुठंच नाही. ऑइलपेंट, पॉलिश आणि फिनाइल, एवढेच वास. मग काही मांजरं आपल्याजवळची सर्वांत गडद शाई काढतात. शेपटी थरथरवत, उभ्यानं, भिंतीवर लघवीचा फवारा मारतात. बसून गादीवर केलेली लघवी ही निराळी गोष्ट. तिथं बहुधा एक तर शौचाची जागा आवडलेली नसते, किंवा मूत्राशय दुखत असतं.

इथं जरा थांबून सांगते, कारण इथं जीव जातो. घर बदलल्याच्या ताणानं मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबू शकतो. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबभरच होतेय किंवा काहीच होत नाही, असं दिसलं तर तो रुसलेला नाही. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे न्यायचं. एक-दोन दिवस गेले तर तो हाती लागत नाही. "खोड लागलीय" म्हणून अशा बोक्याला मारणारी माणसं असतात. ती दुष्ट असतात असं नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बिऱ्हाड म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. लग्न होऊन सून येते, गावाहून सासू-सासरे राहायला येतात, मुलगी नोकरीला बंगळूरला जाते. चाकणच्या भाड्याच्या खोलीत चार मुलं राहतात, दोन पहिल्या पाळीला, दोन रात्रपाळीला, आणि मांजराला कोण कधी खायला घालील याचा नेम नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की, जेवणाची वेळ किंवा सांभाळणारं माणूस बदललं तर धडधाकट मांजरंसुद्धा ओकतात, खाणं टाकतात, ठरलेल्या जागेबाहेर घाण करतात. आपल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात!

घरात बाळ येणार असेल तर मांजरावर पहिली कुऱ्हाड पडते. टोक्सोप्लाझ्मोसिस या रोगाचं नाव कुणीतरी काढतं आणि मांजर पोत्यात जातं. रोग खरा आहे. पण विष्ठेतून पडलेले त्याचे जंतू लागण करण्याजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. गरोदर बाईनं ते काम स्वतः करू नये, घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज घाण काढावी, आणि मांस नीट शिजवावं, भाज्या धुवाव्यात. मांजर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात हल्ली रिक्षाही चौकापर्यंत जात नाही.

मातीचंही सांगायला हवं. मांजर शब्दाचं मूळ 'मार्जार', म्हणजे स्वच्छ करणारं. उकरायला आणि झाकायला भुसभुशीत काही लागतं, हा त्याचा धर्म. वाड्यात चुलीची राख होती, वसाहतीत वाफे होते. आमच्याकडे बांधकामं सुरू झाली तेव्हा बिल्डरांचे वाळूचे ढीग हे साऱ्या भागातल्या मांजरांचं सार्वजनिक शौचालय होतं. ढीग संपले आणि पेव्हर ब्लॉक आले. अमेरिकेत १९४७ मध्ये एडवर्ड लो नावाच्या माणसानं शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी दाणेदार माती दिली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती. पाणी पडलं की गोळा होणारी बेंटोनाइट माती पुढं आली. ती आपल्याकडे कच्छात भरपूर सापडते. पण महागाची माती आणून तिचा ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवला आणि मशीन धडधडू लागलं, तर मांजर गादीच निवडणार. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, हा साधा हिशेब.

घर बदलायचंच असेल तर पहिले काही दिवस मांजराला सगळं घर देऊ नका, एकच खोली द्या. त्यात त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण, ट्रे, पाणी आणि एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४ मध्ये पाहिलं गेलं की, नव्यानं आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोका मिळाला, ती लवकर निवळली. खोक्यातून ओढून बाहेर काढू नका. फिनाइलनं फरशी पुसू नका, ते मांजराला विषारी आहे. गालाच्या वासाची नक्कल केलेलं द्रावण मिळतं. फ्रान्समधल्या पात्रिक पाजा या पशुवैद्यांनी ते १९९० च्या दशकात शोधलं. ते मिळालं तर वापरा. नाही तर मांजराच्या गालांवरून फिरवलेला सुती रुमाल दारांच्या चौकटींना घासा. खिडक्यांना जाळी लावा. बोक्याची नसबंदी राहिली असेल तर ती करून घ्या, फवारे बहुतेक वेळा थांबतात किंवा कमी होतात. आणि नवं घर जुन्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल, म्हणजे निगडीतून चिखलीत गेलात, तर दोन-तीन आठवडे दार जपा. कारण मांजर निघेल ते जुन्या घराकडे, आणि वाटेत आता ओढा नाही, सहा पदरी रस्ता आहे.