गाण्यात ‘टिंग’ शिरलं कुठून?

समजा, तुम्ही रागसंगीतावर काम करताय. भीमसेन जोशींचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर वाजतंय, एक सॉफ्टवेअर ते टिपून घेतंय, त्यावरून स्वरांचे आलेख काढायचेत. ऐन मींडेत मेल येते: टिंग! भीमसेनजींनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात शेजाऱ्याचा मोबाइल वाजला तर आपण निदान वळून बघतो. इथे बघणार कुणाकडे? आणि ते टिंग आता तुमच्या डेटात बसलंय. आलेखात तो एक खोटा स्वर दिसणार.

गंमत म्हणजे, पूर्वी हे सहसा घडूच शकत नव्हतं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ‘डिंग’, ‘चाइम्स’, ‘टाडा’ हे आवाज होते, पण बहुतेक साउंड कार्डांचं दार एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडायचं. गाण्याची फाइल वाजत असेल तर डिंग गप्प. लिनक्सच्या जुन्या ओएसएस पद्धतीतही साधारण हेच. लोकांना अर्थात ही अडचण वाटायची.

विंडोज ९८ पासून नव्या ड्रायव्हरांसोबत ‘केमिक्सर’ आला. तो सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करून एकच प्रवाह कार्डाला देई. लिनक्सवर पुढे हे काम पल्सऑडिओने घेतलं. फेडोरा ८ मध्ये (२००७) तो आपसूकच आला. दाराबाहेरची रांग संपली, आणि टिंगला गाण्यात वाट मिळाली.

याची आणखी एक किंमत होती. अपूर्णांकांची बेरीज करायची तर छेद समान लागतो, तसंच इथे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. मिक्सर ४८,००० वर चालत असेल तर सगळे नमुने नव्याने मोजावे लागतात. स्टुडिओवाल्यांना हे चालणारं नव्हतंच. त्यांच्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीचं ‘एएसआयओ’ १९९७ पासून होतं, मिक्सरला वळसा घालून थेट कार्डापाशी जाणारं. २००७ च्या व्हिस्टाने ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ दिला. म्हणजे काय? तेच एका माणसाचं दार, फक्त आता मागून घ्यायचं! सिस्टिमच्या आवाजांना वेगळी पट्टीही मिळाली. विंडोज ७ ने (२००९) मात्र कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायला सुरुवात केली, तेही न विचारता. गाणं महत्त्वाचं की कॉल, हे आपल्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. मला हे पटत नाही.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर एक्सक्लुझिव्ह मोडच्या भरवशावर राहू नका. वाजतंय ते टिपण्याची विंडोजची सोय फक्त सामायिक मोडमध्ये चालते. त्यामुळे साउंड स्कीम ‘नो साउंड्स’ करा, ‘कम्युनिकेशन्स’मध्ये ‘डू नथिंग’ निवडा, ब्राउझर आणि मेल बंद करा (त्यांचे आवाज स्कीमला जुमानतीलच असं नाही). आणि मूळ फाइल हाताशी असेल तर वाजवून टिपायचं कशाला? ती थेट प्रोग्रॅमने वाचा.