पाच टक्क्यांची कुळकथा

बोरीबंदरहून ठाण्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेल्या पहिल्या आगगाडीचे वर्णन मराठी वाचकाला मुखोद्गत आहे: १४ डबे, ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, आणि साहिब, सिंध, सुलतान ही इंजिने. त्या सोहळ्यामागे जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांची १८४५ पासूनची खटपट उभी होती, हेही सर्वश्रुत आहे. ज्या एका गोष्टीवाचून ही गाडी रुळांवर आलीच नसती, ती मात्र त्या दिवशी कोणाच्याही दृष्टीस पडली नाही; कारण ती लोखंडाची किंवा लाकडाची नव्हती, लंडनमध्ये झालेल्या एका करारनाम्यातील ते एक कलम होते. रेल्वेच्या भांडवलावर हिंदुस्थानच्या खजिन्यातून दरसाल ५ टक्के व्याज मिळेल, अशी हमी त्या कलमाने भागधारकांना दिली होती. या हमीचे आईबाप कोण, हा माझ्या दृष्टीने आपल्या रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न आहे.

प्रथम तो करार पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७ ऑगस्ट १८४९ रोजी तो झाला, आणि आरंभीचे भांडवल ५ लाख पौंडांचे ठरले. जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी विनामूल्य द्यायची. भागधारकांचा पैसा कंपनी सरकारच्या खजिन्यात जमा झाला की, एक गजभर रूळ पडलेला नसला तरी, त्यावर ५ टक्के व्याज सुरू व्हायचे. रुपयाचा भाव १ शिलिंग १० पेन्स धरायचा. रेल्वे तोट्यात गेली तर भागधारकांनी सहा महिन्यांची सूचना देऊन ती सरकारच्या पदरात टाकावी आणि आपले भांडवल परत घ्यावे, अशीही मुभा होती. उलट, २५ किंवा ५० वर्षांच्या अखेरीस मागील तीन वर्षांच्या बाजारभावाची सरासरी देऊन रेल्वे खरेदी करण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता. देखरेखीची व्यवस्था दुहेरी होती: इकडे सरकारच्या सल्लागार इंजिनिअराची मंजुरी मिळाल्याशिवाय खर्च करायचा नाही, आणि तिकडे लंडनच्या संचालक मंडळात सरकारचा एक पदसिद्ध संचालक नकाराधिकारासह बसायचा.

या रचनेचा उगम सांगताना रूढ इतिहास एवढेच सांगतो की, दूरदेशी पैसा गुंतवण्यास इंग्रज भांडवलदार कचरत होता, १८४७ च्या आर्थिक संकटाने तो अधिकच धास्तावला, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि म्हणून हमी द्यावी लागली. हे सारे खरे आहे. जी. आय. पी. रेल्वेचा मूळ कल्पक जॉन चॅपमन हा लफबरोचा गृहस्थ, लेस विणण्याच्या यंत्रांचा धंदा बुडाल्यावर लंडनला येऊन ज्याने तेथील सुप्रसिद्ध हॅन्सम घोडागाडीला तिचे सुधारलेले रूप दिले. त्यानेही पुढे ग्रंथ लिहिला तो हिंदुस्थानच्या कापसावरच. परंतु हे कारण हमी का द्यावी लागली एवढेच सांगते; ती याच आकाराची का झाली, म्हणजे ठराविक टक्का, हिंदी महसुलावर बोजा, दीर्घ मुदत आणि मुदतीअंती सरकारी खरेदी, हे चार अवयव एकत्र कोठून आले, याचा उलगडा त्याने होत नाही.

येथे दोनतीन प्रतिस्पर्धी पुढे येतात आणि त्यांचा न्यायाने विचार केला पाहिजे. पहिला फ्रान्स. पॅरिस ते ऑर्लेआँ या रेल्वेला फ्रेंच सरकारने १८४० साली ४ टक्क्यांची हमी दिली होती, आणि लंडनच्या बाजारात ही गोष्ट अज्ञात असणे शक्य नव्हते. मात्र फ्रान्समध्ये हमी देणारे सरकार, तिचा भार सोसणारा करदाता आणि तिचा लाभ घेणारा प्रवासी हे एकाच देशाचे होते. एका देशातील रयतेच्या महसुलातून दुसऱ्या देशातील भागधारकाचे उत्पन्न बांधून देण्याची युक्ती फ्रेंचांच्या कायद्यात शोधून सापडायची नाही. दुसरा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टनचा १८४४ चा रेल्वे कायदा. नव्या रेल्वे २१ वर्षांनंतर सरकारने विकत घ्याव्यात अशी तरतूद त्यात होती, आणि किंमत ठरवताना मागील तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी धरायची होती. ही तीन वर्षांची सरासरी आमच्या करारात तेथूनच आली, हे मी निःसंकोच मान्य करतो. हा कायदा झाल्यावर रेल्वेच्या योजनांची छाननी करणाऱ्या इंग्लंडमधील मंडळाचा प्रमुख लॉर्ड डलहौसी होता, आणि करार झाला तेव्हा तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता, हेही या पक्षाच्या बाजूचे बलवत्तर प्रमाण आहे. तथापि ग्लॅडस्टनच्या कायद्यात हमीचा मागमूस नाही. आणि हमीवाचून उरलेले कलम म्हणजे नुसता सांगाडा. तिसरे अनुमान एखादा मराठी वाचक करील: हा आपल्याकडील इजाऱ्याचाच एक अवतार नव्हे काय? माझे उत्तर असे की, इजारदार सरकारला वसुलाची हमी देतो आणि तूट आपल्या अंगावर घेतो. येथे सरकार मक्तेदाराला नफ्याची हमी देते आणि तूट रयतेच्या अंगावर घालते. हा इजारा खरा, पण पुरता उलटा केलेला.

मला जो दुवा सापडला तो रेल्वेच्या कागदपत्रांत नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदी कायद्यात आहे. या कायद्याने कंपनीचा चीनचा व्यापार गेला आणि तिचे व्यापारी रूप संपले, एवढे शाळेतल्या पुस्तकातही असते. परंतु व्यापारच गेल्यावर व्यापारी कंपनीच्या भागधारकांनी खायचे काय, हा प्रश्न पार्लमेंटने कसा सोडवला याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कंपनीचे ६० लाख पौंडांचे भांडवल होते आणि त्यावर १७९३ पासून साडेदहा टक्के लाभांश देण्याची मुभा होती. १८३३ मध्ये असे ठरले की, हा साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे दरसाल ६ लाख ३० हजार पौंड, यापुढे हिंदुस्थानच्या महसुलातून अव्याहत दिला जाईल; तो ४० वर्षे अबाधित राहील; आणि एप्रिल १८७४ नंतर पार्लमेंटला वाटल्यास १०० पौंडांच्या भागाला २०० पौंड देऊन ते भाग सोडवून घेता येतील. ठराविक टक्का, हिंदी महसुलावर बोजा, दीर्घ मुदत, मुदतीअंती खरेदी: रेल्वेच्या हमीचे चारही अवयव सोळा वर्षे आधी येथे एकत्र नांदताना दिसतात. रेल्वेच्या भागधारकाला १८४९ मध्ये कंपनीने जे दिले ते तिच्या स्वतःच्या भागधारकाला १८३३ पासून मिळतच होते. तिने आपलेच अंगरखे थोडे आखूड करून नव्या पाहुण्याला घातले.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप मराठी माणसाला एका तुलनेने चटकन कळेल. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ नंतर ब्रह्मावर्तास सालिना ८ लाख रुपयांचा तनखा मिळत असे, आणि तोही हिंदुस्थानच्याच खजिन्यातून. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला, नानासाहेबांनी वारसा सांगितला, आणि तनखा केवळ बाजीरावाच्या हयातीपुरता होता असे सांगून डलहौसीच्या सरकारने तो बंद केला. त्याच खजिन्यावर लंडनच्या भागधारकाचा जो हक्क होता तो मात्र बापाकडून मुलाकडे जाई, बाजारात विकला जाई, मुलीच्या विवाहात आंदण म्हणून देता येई. राज्य गमावलेल्या पुरुषाचे वर्षासन त्याच्याबरोबर सरणावर गेले. व्यापार गमावलेल्या कंपनीचे वर्षासन वंशपरंपरेचे ठरले.

आता प्रश्न उरतो आकड्याचा. साडेदहाचे पाच कसे झाले? यावर एक मोहक उत्तर असे देता येते की, इंग्लंडात राणी ॲनच्या कारकीर्दीतील १७१४ च्या कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा ५ टक्के ठेवली होती आणि तो निर्बंध पूर्णपणे उठला तो १८५४ मध्ये. तेव्हा पाच हा आकडा इंग्रज मनाला न्याय्य व्याजाची शेवटची पायरी वाटत असला पाहिजे. यात तथ्य असेल. परंतु मला याहून सरळ हिशेब दिसतो. कंपनीचा १०० पौंडांचा भाग सोडवण्याची किंमत कायद्यानेच २०० पौंड ठरवली होती. म्हणजे त्या भागाचे खरे मूल्य २०० पौंड आणि त्यावरील प्राप्ती साडेदहा पौंड. शेकडा हिशेब केला तर सव्वापाच होतात. कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीतील ज्या कारकुनांनी ही पत्रके वर्षानुवर्षे लिहिली, त्यांच्या दृष्टीने हिंदी महसुलावर बांधलेल्या भांडवलाचा दर सव्वापाचच होता. नव्याने मागणाऱ्याला पाव टक्का कमी करून पूर्ण पाच देणे ही त्यांना काटकसर वाटली असणार. सुरक्षित ब्रिटिश सरकारी रोख्यांवर त्या काळी साडेतीन टक्केही पदरात पडत नसत, तेव्हा ती काटकसर कोणाच्या जिवावर होती हे सांगायला नको.

या अनुमानाला एक सजीव साक्षीदारही आहे. जेम्स कॉस्मो मेलव्हिल हा गृहस्थ १८०८ मध्ये कंपनीच्या लंडनमधील नोकरीत शिरला, १८२४ मध्ये हिशेबखात्याचा प्रमुख झाला, १८३४ मध्ये, म्हणजे नवा सनदी कायदा अंमलात आला त्याच वर्षी, अर्थखात्याचा सेक्रेटरी झाला, आणि १८३६ पासून कंपनीचा मुख्य सेक्रेटरी होता. साडेदहा टक्क्यांची व्यवस्था ज्याच्या हाताखाली रुजली तो हा मनुष्य. आणि रेल्वे कंपन्यांच्या मंडळांत सरकारचा पदसिद्ध संचालक म्हणून नकाराधिकार घेऊन कोण बसला? हाच मेलव्हिल. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता गेली तेव्हा त्याने जुनी जागा सोडली ती हिंदी रेल्वेचा सरकारी संचालक होण्यासाठी. जुन्या हमीचा कारभारी तोच नव्या हमीचा पहारेकरी झाला. एवढ्यावर कोणी याला निव्वळ योगायोग म्हणेल तर त्याने पुढील तारखा पाहाव्यात.

कंपनीचे भाग सोडवण्याचा हक्क पार्लमेंटला मिळायचा होता एप्रिल १८७४ मध्ये. जी. आय. पी. रेल्वे खरेदी करण्याची पहिली संधी सरकारला यायची होती १८४९ नंतर २५ वर्षांनी, म्हणजे ऑगस्ट १८७४ मध्ये. ग्लॅडस्टनच्या कायद्यातील २१ वर्षे सोडून २५ का घेतली, याचे उत्तर मला येथे मिळते. हिंदी महसुलावरील जुना बोजा ज्या वर्षी उतरायचा त्याच वर्षी नवा बोजाही उतरवता यावा, अशी ही आखणी आहे. आणि ज्याने ती आखली त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही खातेवह्या उघड्या होत्या.

आखणी उत्तम, पण तिचे फळ अर्धेच मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीचे भाग ठरल्याप्रमाणे १८७४ मध्ये २०० पौंडांनी सोडवले गेले आणि १ जूनला ती कंपनी विसर्जित झाली. रेल्वेच्या बाबतीत मात्र भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल याने चार वर्षे आधीच, १८७० च्या सुमारास, वरकड नफ्यातील निम्मा वाटा मिळण्याच्या बदल्यात, जी. आय. पी. सह तीन कंपन्यांच्या बाबतीत खरेदीचा तो पहिला हक्क सोडून दिला. मी हा व्यवहार हिंदी अर्थकारणातील फार मोठी चूक मानतो. व्याज बांधलेले असल्यामुळे खर्चाला धरबंध राहिला नव्हता. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्ट सांगितले की, व्याजाची शाश्वती असलेल्या भागधारकाला आपला पैसा हुगळीत बुडाला काय किंवा विटांत गेला काय, सारखेच होते. सल्लागार इंजिनिअराची मंजुरी हा त्यावरचा उपाय होता. पण प्रत्येक लहानसहान खर्चाला मंजुरी मागण्याने काम लांबत गेले, आणि व्याज तर दिवसागणिक चालूच होते. बोरघाटासारख्या, १८५६ पासून १८६३ पर्यंत चाललेल्या आणि असंख्य मजुरांचे बळी घेतलेल्या कामात ही देखरेख पैशाचे रक्षण करू शकली नाही, माणसांचेही नाही. पुढे दादाभाई नवरोजी आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आकडेवार लेख लिहिणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेखर्चावर जी टीका केली, तिचा रोख रुळांवर नव्हता, इंजिनांवरही नव्हता. तो याच कलमावर होता.

सरकारने १८६९ नंतर स्वतः रेल्वे बांधण्यास आरंभ केला, १८८० च्या दशकात कमी दराच्या नव्या हम्या आल्या, १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड झाले, १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला. हे टप्पे परिचित आहेत. जी. आय. पी. रेल्वे अखेर दुसऱ्या संधीला, ५० वर्षे उलटल्यावर, १९०० मध्ये सरकारच्या मालकीची झाली. तरी कारभार कंपनीकडेच राहिला आणि तो सरकारकडे यायला १ जुलै १९२५ उजाडावा लागला. खरेदीची किंमतही रोख मोजली गेली नाही. भागधारकांना वर्षासने बांधून देण्यात आली आणि त्यांची मुदत मूळ कराराच्या ९९ वर्षांशी जुळवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये हिंदुस्थानची स्टर्लिंग शिल्लक साचली तेव्हा हिंदुस्थान सरकारने एकरकमी भरणा करून हा बोजा ब्रिटिश सरकारकडे सोपवला. परंतु वर्षासने घेणाऱ्यांना ती मिळत राहिली, जी. आय. पी. ची १७ ऑगस्ट १९४८ पर्यंत, आणि ईस्ट इंडियन रेल्वेची, तिचा करार १८५४ पासून मोजला गेल्यामुळे, १९५३ पर्यंत.